पुड्यावरची मावशी

पुण्यात शिकत होतो तेव्हा दोन वर्षं एकाच घरगुती मेसमध्ये जेवलो. मेस चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे 'मावशी' म्हणायचो. महिन्याचे पैसे रूमपार्टनर सगळ्यांकडून गोळा करून द्यायचा, त्यामुळे मला कधी काही बघावं लागलं नाही. कोर्स संपला, खोली सोडली, त्या दिवशी शेवटचा हिशेब द्यायला मी एकटाच गेलो. फ्रीजवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला, तर स्क्रीनवर एका पुरुषाचं नाव आलं. मी थांबलो. "मुलाचं खातंय ते, टाक बिनधास्त," मावशी म्हणाल्या. टाकले. पाया पडलो. त्यांनी वाटेत खायला दोन पोळ्या आणि लसणाची चटणी फॉइलमध्ये गुंडाळून दिली. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मला त्यांचं नाव माहीत नाही.

ही गोष्ट मी विसरलोही होतो. परत आठवली ती एका अमेरिकन पॅनकेकच्या पुड्यामुळे.

अमेरिकन खाण्यापिण्याच्या ब्रँडच्या जन्मकथा हा माझा फावल्या वेळचा छंद आहे. तुम्हीही त्या पाहिल्या असणार, कारण आता त्या नव्वद सेकंदांच्या रीलमध्ये मिळतात. अटलांटातला एक औषधवाला 1886 साली डोकेदुखीवर सरबत करायला जातो आणि कोका-कोला होतो. दोन भाऊ आरोग्यधामात रुग्णांसाठी धान्य शिजवतात आणि कॉर्नफ्लेक्स होतात. एक माणूस, एक कढई, एक नशीबवान अपघात. या कथा मी इतिहास म्हणून फार मानत नाही, पण कथा म्हणून आवडीने वाचतो. आणि कथा वाचताना आपण जे विचारतो तेच इथेही विचारायला हवं असं मला वाटतं. यात बोलतं कोण? राबतं कोण? कोणाला नाव आहे? आणि माझा आवडता प्रश्न: आडनाव कोणाला आहे?

आधी पीठ, मग गाणं, मग बाई

1888 साली मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावात ख्रिस रट आणि चार्ल्स अंडरवूड या दोघांनी पर्ल मिलिंग कंपनी नावाची पिठाची गिरणी विकत घेतली. रट मूळचा वर्तमानपत्रातला माणूस. बाजारात पीठ उदंड झालं होतं, साध्या पिठाला गिऱ्हाईक मिळेना. मग त्यांनी गव्हाचं पीठ, मक्याचं पीठ, मीठ, सोडा आणि फॉस्फेट एकत्र करून पॅनकेकचं तयार पीठ बनवलं. घरी न्या, कालवा, तव्यावर टाका. आपल्याकडे इडलीचं तयार पीठ मिळतं, त्याचाच हा अमेरिकन पूर्वज.

माल तयार होता, नाव नव्हतं. त्या काळात अमेरिकेत 'मिन्स्ट्रल शो' नावाचा करमणुकीचा प्रकार जोरात होता. गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करायचे, नाचायचे, गायचे. पुढे काही कृष्णवर्णीय कलावंतही पोटासाठी त्यात उतरले. त्यातल्या बिली कर्सँड्स यांनी 'ओल्ड आँट जेमायमा' हे गाणं 1870च्या दशकात लोकप्रिय केलं होतं. असं सांगतात की 1889 साली रट असाच एक खेळ बघायला गेला. तिथे तोंड काळं केलेला एक नट, कमरेला एप्रन आणि डोक्याला लाल रुमाल बांधून, हेच गाणं म्हणत होता. पिठाला नाव मिळालं: आँट जेमायमा.

हा क्रम लक्षात ठेवा. आधी पीठ, मग गाणं, आणि गाण्यातलं नाव पिठाला. या सगळ्यात स्वयंपाक करणारी जेमायमा नावाची बाई कुठेही नाही. तिच्या हाताला चव होती म्हणून पीठ खपलं असं घडलेलं नाही. पीठ खपत नव्हतं म्हणून तिच्या हाताला चव आली.

पुढच्याच वर्षी हा धंदा आर. टी. डेव्हिस नावाच्या मोठ्या गिरणीवाल्याकडे गेला. त्याने पिठात दुधाची पावडर घातली, म्हणजे आता नुसतं पाणी पुरे. आणि त्याने ठरवलं की ही जेमायमा हाडामांसाची हवी. शिकागोत त्याला नॅन्सी ग्रीन सापडल्या. 1834 साली केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेल्या, आता एका गोऱ्या कुटुंबाकडे मुलं सांभाळणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या. 1893 साली शिकागोला भव्य जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे पिठाच्या प्रचंड मोठ्या पिंपाच्या आकाराचा स्टॉल उभारला गेला आणि त्यासमोर एकोणसाठ वर्षांच्या नॅन्सी ग्रीन पॅनकेक भाजत, गाणी म्हणत, 'जुन्या चांगल्या दिवसांच्या' गोष्टी सांगत उभ्या राहिल्या. ते जुने दिवस म्हणजे गुलामगिरीचे. जी बाई स्वतः त्यातून सुटून आली होती, तिच्याच तोंडून ते दिवस गोड होते असं वदवून घेतलं गेलं. हा करार मला फार विचित्र वाटतो. तिला पगार मिळत होता तो पॅनकेकचा नव्हे, या आठवणींचा.

तेव्हाचं घोषवाक्य होतं: 'आय्ज इन टाउन, हनी'. म्हणजे साधारण 'मी गावात आलेय गं बाय'. 'आय ॲम'चं मुद्दाम 'आय्ज' केलेलं. ही बोली कृष्णवर्णीयांची म्हणून दाखवली जायची, पण लिहिणारा हात गोऱ्या जाहिरातवाल्याचा होता. बोलीतून पात्र जिवंत करणारे लेखक आपल्यालाही माहीत आहेत आणि बोलीतून पात्राला खाली बसवणारेही. हा दुसरा प्रकार.

मग तिला चरित्रही मिळालं. आधी एक पुस्तिका निघाली. नंतर 1920च्या दशकात तर जेम्स वेब यंग या नामांकित जाहिरातकाराने मजकूर लिहिला आणि 'ट्रेझर आयलंड'ची चित्रं काढणाऱ्या एन. सी. वायेथने तिची चित्रं काढली. लुइझियानातल्या कर्नल हिग्बीच्या मळ्यावरची ती स्वयंपाकीण, तिच्या पॅनकेकची कीर्ती दूरवर, आणि तिची पाककृती हे गुपित. बायकांच्या मासिकांत पानभर छापलेल्या या जाहिराती कथेसारख्या वाचल्या जात. यातला कर्नल खोटा, मळा खोटा, गुपित तर अजिबातच नव्हतं. सोडा आणि फॉस्फेट हे गुपित म्हणून किती सांगणार?

नॅन्सी ग्रीन यांच्याविषयीही एक दंतकथा आजपर्यंत फिरते: कंपनीने त्यांना आयुष्यभराचा करार दिला, त्या लखपती झाल्या. अधूनमधून ही पोस्ट तुमच्याही फीडवर येत असेल. पण 1910च्या जनगणनेत, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, त्या लोकांच्या घरी घरकाम करताना दिसतात. 1923 साली शिकागोत मोटारीच्या धडकेने त्या गेल्या. त्यांच्या कबरीवर दगड बसला तो 2020 साली. सत्त्याण्णव वर्षं ती कबर बिननावाची होती, आणि त्यातली बहुतेक वर्षं 'आँट जेमायमा' अमेरिकेतल्या प्रत्येक किराणा दुकानात होती.

हा योगायोग म्हणावा तर आणखी एक उदाहरण आहे. 'क्रीम ऑफ व्हीट' या गव्हाच्या लापशीच्या पुड्यावर पांढरी टोपी घातलेला, हसणारा कृष्णवर्णीय आचारी असायचा. त्या चित्रासाठी शिकागोतल्या ज्या आचाऱ्याचा फोटो काढला, ते फ्रँक व्हाइट असं मानलं जातं. ते 1938 साली वारले. त्यांच्या कबरीवर नाव लागलं 2007 साली.

बेटीला आडनाव होतं

एम. एम. मॅनरिंग या इतिहासकाराचं 1998 सालचं पुस्तक आहे, 'स्लेव्ह इन अ बॉक्स'. पुड्यातली गुलाम. त्याचं म्हणणं असं की हे पीठ विकत घेणारी गोरी गृहिणी नुसतं पीठ घेत नव्हती. घरात नोकर ठेवणं परवडेनासं होत चाललं होतं, तेव्हा ती नोकराची आठवण विकत घेत होती. स्वतः तव्यापुढे उभी राहूनही आपल्यासाठी कुणीतरी राबतंय असं वाटण्याचं सुख. पुस्तक मला पटलं. पण वाचताना मी अडलो ते एका छोट्या शब्दावर, ज्याच्यावर मराठी माणूस अडणारच: 'आँट'.

अमेरिकेच्या दक्षिणेत गोरी माणसं वयस्क कृष्णवर्णीयांना 'मिस्टर' किंवा 'मिसेस' म्हणत नसत. ते मान फक्त गोऱ्यांचे. पण म्हाताऱ्या माणसाला नुसतं नावाने पुकारणंही बरं दिसेना, म्हणून 'अंकल' आणि 'आँट'. नातं दिलं, कारण मान द्यायचा नव्हता. नात्याचा शब्द आडनावाच्या जागी येऊन बसला आणि आडनावाची जागाच उरली नाही.

आता याच्या शेजारी दुसरी बाई ठेवून बघू. 1921 साली मिनियापोलिसच्या वॉशबर्न-क्रॉस्बी या पिठाच्या कंपनीने मासिकात एक कोडं छापलं. उत्तरांबरोबर हजारो बायकांनी प्रश्नही पाठवले: केक बसतो का, पाव फुगत का नाही. उत्तरं द्यायची तर खाली सही कुणाची? पुरुषाची बरी दिसेना. मग विल्यम क्रॉकर या निवृत्त संचालकांचं आडनाव घेतलं, त्यापुढे 'बेटी' हे हसरं नाव लावलं, आणि ऑफिसातल्या बायकांच्या सह्या मागवून त्यातली एक निवडली. बेटी क्रॉकर अशी जन्मली. 1924 साली ती रेडिओवर बोलू लागली, 1936 साली तिचं पहिलं चित्र आलं. 1945 साली 'फॉर्च्युन' मासिकाने तिला एलिनॉर रूझवेल्टनंतरची अमेरिकेतली सर्वांत लोकप्रिय स्त्री ठरवलं. तिला लग्नाच्या मागण्या येत असत म्हणे. ती अस्तित्वातच नव्हती.

दोघी काल्पनिक, दोघी पिठाच्या कंपनीच्या लेकी. पण बेटीला आडनाव आहे, सही आहे, शुद्ध इंग्रजी आहे. तिला लोक पत्र लिहितात आणि ती सल्ला देते. तिच्या मागे मार्जरी हस्टेडसारख्या शिकलेल्या, हुशार बायकांचं अख्खं खातं राबत होतं. जेमायमाला आडनाव नाही. तिला कुणी प्रश्न विचारत नाही. ती सल्ला देत नाही, सेवा देते. तिचं ज्ञान 'शास्त्र' नाही, 'गुपित' आहे. एकीला स्वयंपाक येतो कारण ती शिकली, दुसरीला येतो कारण ती तशीच आहे. अमेरिकेच्या वर्णव्यवस्थेवरची जाडजूड पुस्तकं बाजूला ठेवा. किराणा दुकानाच्या एकाच फळीवरचे हे दोन पुडे शेजारी ठेवून वाचले तरी बरंच कळतं.

हस, अजून हस

हे सगळं एका चित्रपटाने फार आधी पडद्यावर आणलं होतं, आणि गंमत म्हणजे न कळत. फॅनी हर्स्ट यांच्या कादंबरीवर बेतलेला 'इमिटेशन ऑफ लाइफ' 1934 साली आला. बी ही गोरी विधवा आणि डिलायला ही तिच्याकडे राहणारी कृष्णवर्णीय विधवा. पॅनकेकची पाककृती डिलायलाची, दुकान बीचं. एक माणूस बीला सल्ला देतो: हे पुड्यात भरा. धंदा अफाट वाढतो. बी डिलायलाला वीस टक्के हिस्सा देऊ करते, स्वतःचं घर घे म्हणते. डिलायला घाबरते: म्हणजे मला घालवून देणार? मला तुमच्याकडेच राहू द्या.

त्या काळात हा चित्रपट पुरोगामी समजला गेला. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतही होता. पण मला त्यातला एकच प्रसंग पुरतो. दुकानाच्या पाटीसाठी डिलायलाचं चित्र काढायचं आहे. बी तिला हसायला सांगते. ती हसते, आणि ते हसू तसंच धरून ठेवते. डोळे मोठे, दात पुढे, चेहरा गोठलेला. लुईझ बीव्हर्स ही मोठी नटी होती. तिने ते हसू इतकं ताणलं की बघणाऱ्याचे गाल दुखावेत. दिग्दर्शकाला हा विनोद वाटला असावा. मला तो त्या चित्रपटातला सगळ्यात खरा क्षण वाटतो. माणसाचा लोगो कसा बनतो, हे तिथे काही सेकंदांत दिसतं.

कवी आणि समीक्षक स्टर्लिंग ब्राऊन यांनी 1935 सालीच या चित्रपटावर झोडपणारं परीक्षण लिहिलं. शीर्षक होतं 'वन्स अ पॅनकेक'. एकदा पॅनकेक ते कायमचं पॅनकेक. 1959 साली डग्लस सर्क यांनी हाच चित्रपट पुन्हा केला, तेव्हा पॅनकेकचा धंदाच काढून टाकला. गोरी नायिका नटी झाली. म्हणजे जिच्या पाककृतीवर सगळं उभं होतं, तिची पाककृतीही गेली.

काकांचा तांदूळ, आपला तांदूळ

आँट जेमायमानंतर पन्नासेक वर्षांनी बाजारात 'अंकल बेन' आले. बो-टाय लावलेले, पांढऱ्या केसांचे, प्रसन्न. कंपनीचं सांगणं असं की टेक्सासमध्ये बेन नावाचा एक कृष्णवर्णीय शेतकरी उत्तम तांदूळ पिकवायचा, नाव त्याचं. चेहरा मात्र शिकागोतल्या एका रेस्टॉरंटमध्ये काम करणाऱ्या फ्रँक ब्राऊन यांचा. नाव एकाचं, चेहरा दुसऱ्याचा, तांदूळ कंपनीचा. दोन माणसं मिळून एक काका, आणि शेतकऱ्याचं आडनाव कुणी टिपून ठेवलेलं नाही.

पण या पुड्यात मला रस आहे तो आतल्या तांदळामुळे. कंपनी त्याला 'कन्व्हर्टेड राइस' म्हणते. एरिक हुझेनलाउब या रसायनतज्ज्ञाने पद्धत काढली: साळ टरफलासकट भिजवायची, वाफवायची, वाळवायची, मग सडायची. त्यामुळे कोंड्यातलं जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, तांदूळ टिकतो, कीड कमी लागते, शिजल्यावर मोकळा होतो. दुसऱ्या महायुद्धात हा तांदूळ सैन्याला पुरवला गेला आणि युद्धानंतर काकांचा चेहरा लावून घराघरांत गेला.

सिंधुदुर्गातले किंवा गोव्यातले वाचक आता हसत असतील. भिजवायचं, उकडायचं, वाळवायचं, भरडायचं. हा उकडा तांदूळ. आपल्या पेजेचा. हुझेनलाउबची यंत्रं, निर्वात टाक्या, पेटंटं त्याची स्वतःची, ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण साळ उकडली की तांदूळ सुधारतो हे दक्षिण आशियात शेकडो वर्षं माहीत होतं आणि ते माहीत असणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या. चुलीवर हंडे चढवणाऱ्या, खळ्यात भात पसरणाऱ्या. त्यांचं नाव कुठल्या पुड्यावर असणार? मी काही 'हे आमचंच होतं' असा झेंडा फडकवत नाही. मुद्दा वेगळा आहे. पेटंटच्या कागदावर शोधकाचं पूर्ण नाव लागतं. पुड्यावर काका चालतात.

2007 साली कंपनीने जाहिरातींत बेनकाकांना बढती दिली: ते आता कंपनीचे चेअरमन, त्यांना आलिशान ऑफिस. आडनाव तेव्हाही दिलं नाही.

ज्याने शिकवलं तो

या यादीत एक गोष्ट थोडी वेगळी वळते, म्हणून सांगतो. जॅक डॅनियल्स ही टेनेसीची व्हिस्की. बाटलीवर मालकाचं पूर्ण नाव. वर्षानुवर्षं कथा अशी सांगितली जायची की लहानग्या जॅकला दारू गाळायला डॅन कॉल या धर्मोपदेशकाने शिकवलं. 2016 साली, दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने, कंपनी उघडपणे सांगू लागली की शिकवणारा होता नाथन 'निअरेस्ट' ग्रीन, कॉलच्या भट्टीवर राबणारा गुलाम. गुलामगिरी संपल्यावर जॅकने स्वतःची भट्टी काढली तेव्हा पहिला मुख्य कारागीर तोच होता.

गावात त्याला 'अंकल निअरेस्ट' म्हणत. 2017 साली फॉन वीव्हर या कृष्णवर्णीय उद्योजिकेने 'अंकल निअरेस्ट' याच नावाने व्हिस्की बाजारात आणली. इथे मी जरा गोंधळतो. इतका वेळ मी 'अंकल' या शब्दाविरुद्ध बोलतोय आणि हिने तोच शब्द अभिमानाने बाटलीवर छापला. पण शब्द तोच असला तरी त्याच्या मागे आता खरा माणूस आहे, त्याचं काम आहे, त्याच्या वंशजांची नावं आहेत. नातं आहे आणि नावही आहे. कदाचित शब्दात तेवढा दोष नसतो, जेवढा त्याच्यामागच्या रिकाम्या जागेत असतो.

पुसणं म्हणजे दुरुस्ती का?

मे 2020 मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेतला आणि अमेरिका रस्त्यावर उतरली. जूनमध्ये क्वेकर ओट्सने जाहीर केलं की आँट जेमायमाचं नाव आणि चित्र काढून टाकू. सप्टेंबरमध्ये अंकल बेनचं 'बेन्स ओरिजिनल' होणार असं ठरलं. क्रीम ऑफ व्हीटचा आचारीही गेला. फेब्रुवारी 2021 मध्ये पॅनकेकच्या पिठाचं नवं नाव आलं: पर्ल मिलिंग कंपनी.

चित्र जायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 1989 साली डोक्याचा रुमाल काढून कानात मोती घातल्याने ते सुधारलं नव्हतं. मुखवट्याला दागिने घातले म्हणून तो चेहरा होत नाही. पण नवं नाव नीट वाचा. पर्ल मिलिंग कंपनी. म्हणजे रट आणि अंडरवूड यांची गिरणी. एकशे एकतीस वर्षांनी काल्पनिक मावशी हटली आणि तिच्या जागी मालकांची गिरणी परत आली. नॅन्सी ग्रीन यांचं नाव पुड्यावर तेव्हा नव्हतं, आताही नाही.

त्यांच्यानंतर अनेक बायकांनी ही भूमिका गावोगाव फिरून केली. टेक्सासमधल्या हॉकिन्स गावच्या लिलियन रिचर्ड त्यातल्याच एक. ते गाव त्यांच्यामुळे स्वतःला टेक्सासची पॅनकेक राजधानी म्हणवतं. चित्र काढायची घोषणा झाली तेव्हा त्यांच्या कुटुंबातून नाराजी आली: हे पुसलंत तर आमच्या बाईंनी केलेली नोकरी, त्यांचा पगार, त्यांचा मानही पुसला जाईल. त्यांचं म्हणणं सहज झटकता येत नाही. ज्या काळात कृष्णवर्णीय स्त्रीला घरकामापलीकडे फार काही मिळत नव्हतं, त्या काळात देशभर फिरायची नोकरी ही लहान गोष्ट नव्हती. मुखवटा अपमानाचा होता, पण तो घालून उभी राहिलेली बाई कष्टाची होती. कंपनीला दोन्ही वेगळं करता आलं नाही, किंवा करायचं नव्हतं. तिने दोन्ही एकदमच फळीवरून उतरवलं.

वेगळं करून दाखवलं ते दोघींनी, आणि दोघींचाही कंपनीशी संबंध नाही. बेटी सार या चित्रकर्तीने 1972 साली 'द लिबरेशन ऑफ आँट जेमायमा' ही कलाकृती केली. बाजारात मिळणारी जेमायमाची बाहुली घेतली, मागे पुड्यावरचे तेच ते चेहरे ओळीने चिकटवले आणि तिच्या एका हातात झाडू तर दुसऱ्या हातात बंदूक दिली. हसू तेच ठेवलं. बंदुकीमुळे त्या हसण्याचा अर्थ बदलला. आता ते हसू बघून गिऱ्हाईकाला पूर्वीइतकं निर्धास्त वाटत नाही. दुसरी टोनी टिप्टन-मार्टिन. तिने 2015 साली 'द जेमायमा कोड' हे पुस्तक काढलं. कृष्णवर्णीय लेखकांनी दोन शतकांत लिहिलेली स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करून, एकेकाची नोंद घेतली. लेखिकेचं नाव, वर्ष, पुस्तकात काय आहे. ज्यांना 'उपजत हात' म्हणून गप्प बसवलं होतं, त्यांनी मोजमापं लिहून ठेवली होती, पुस्तकं छापली होती. सारने मुखवट्याला हत्यार दिलं, टिप्टन-मार्टिनने मुखवट्यामागच्यांना नावं. मला दुसरं काम जास्त अवघड वाटतं आणि जास्त उपयोगाचंही.

आपली मावशी

आता परत मेसमध्ये. आपल्या 'मावशी'ची आणि त्यांच्या 'आँट'ची सरळ तुलना मी करणार नाही. तिथे गुलामगिरीचा इतिहास आहे, तो उसना घेऊन आपलं दुःख मोठं करायचं नसतं. आणि मराठीत मावशी हा शब्द मायेने, 'अहो'-'जाहो' करत वापरला जातो. पण पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत कान देऊन ऐका. पोळ्या करायला येतात त्या 'काकू'. भांडी घासायला येतात त्या 'मावशी'. वॉचमन 'काका', शिपाई 'मामा'. कुणाला कोणतं नातं द्यायचं हे आपण काम बघून, आणि कामाआड जात बघून ठरवतो, तेही न ठरवता. आणि एकदा नातं दिलं की आपल्याला वाटतं माणुसकी झाली, नाव विचारायची गरज नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी मेसच्या जुन्या ग्रुपवर मेसेज टाकला: मावशींचं नाव कुणाला माहितीय का? अर्ध्या तासात अकरा रिप्लाय आले. एकाला त्यांची भरली वांगी आठवली. एकाला रविवारची फीस्ट. एकाने लिहिलं की त्याला ताप आला होता तेव्हा मावशींनी खोलीवर मऊ भात पाठवला होता. एकाने फ्रीजवरच्या त्या क्यूआर कोडचा जुना फोटो शोधून टाकला, मुलाच्या नावासकट. तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

त्या मुलाचा नंबर मिळालाय. उद्या दुपारी, जेवणाची गर्दी ओसरली की, फोन करणार आहे. नाव विचारल्यावर मावशी हसतील आणि म्हणतील, आता कशाला रे. त्याला काय उत्तर द्यायचं, ते अजून सुचलेलं नाही.